ठिबकचं अनुदान: सातबारा नीट करण्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. घोडं अडतं ते त्याच्या आधी आणि नंतर. सातबाऱ्यावरचं नाव आधारशी जुळत नाही, बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीआधी मिळणाऱ्या शासकीय मंजुरीच्या, आधीची निघते, नाहीतर सगळं सुरळीत होऊन पैसे भलत्याच बँकेत जाऊन बसतात. म्हणून पोर्टलवरची बटणं इथे थोडक्यात आटोपली आहेत. कागद, तारखा आणि शेतातलं मोजमाप मात्र सविस्तर दिलं आहे. हे सगळं महाराष्ट्रात महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेच्या ठिबकबद्दल आहे. ट्रॅक्टर-अवजारांची वाट बरीचशी अशीच आहे, त्यातला फरक पुढे येईल.

किती मिळतं आणि कशावर मिळतं

अल्प व अत्यल्प भूधारकाला, म्हणजे एकूण २ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला, केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक २५ टक्के असं ८० टक्के अनुदान आहे. त्याहून जास्त जमीन असेल तर ४५ अधिक ३०, म्हणजे ७५ टक्के. एका लाभार्थ्याला कमाल ५ हेक्टरपर्यंतच.

२ हेक्टर मोजताना ठिबक बसवायचा तेवढाच गट मोजून चालत नाही. तुमच्या नावावरची सगळ्या गावांतली खाती एकत्र धरतात. इथे अडीच एकर आणि सासुरवाडीच्या गावात घेतलेली चार एकर असेल, तर तुम्ही ७५ टक्क्यांत जाता.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. टक्केवारी बिलावर लागते असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक नळी-अंतरासाठी शासनाने खर्चाचा मापदंड ठरवलेला असतो. मापदंड आणि बिल यांतली जी रक्कम कमी, तिच्यावर टक्केवारी बसते. हिशोबापुरते आकडे घेऊ: एकराचा मापदंड ५०,००० रुपये आणि दुकानदाराचं बिल ६०,००० रुपये. अनुदान ५०,००० च्या ८० टक्के, म्हणजे ४०,००० रुपये. तुमच्या खिशातून जाणार २०,००० रुपये, १२,००० नव्हे. "तुम्हाला फक्त २० टक्के भरायचेत" असं दुकानात ऐकलं की मापदंडाचा आकडा कृषी कार्यालयातून आधी विचारून घ्या आणि मगच मान डोलवा.

त्याच गटावर आधी लाभ घेतलेला असेल तर थांबावं लागतं. २०१७-१८ नंतर घेतला असेल तर ७ वर्षं, २०१६-१७ च्या आधीचा असेल तर १० वर्षं. वाटणीत तुमच्याकडे आलेल्या तुकड्यावर वडिलांनी किंवा चुलत्यांनी पूर्वी ठिबक घेतलं होतं का, हे अर्जाआधीच गावच्या कृषी सहायकाकडून खात्री करून घ्या. या पदाचं नाव २०२५ मध्ये 'सहायक कृषी अधिकारी' झालं, गावात अजून 'कृषी सहायक'च म्हणतात.

तुमचं गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'पोकरा'त असेल, तर त्याचं पोर्टल वेगळं आहे. एकाच गटासाठी दोन्हीकडे लाभ मिळत नाही. कुठे अर्ज करायचा ते आधी ठरवा.

अर्जाआधी नीट करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा आहे. सीएससी (सामान्य सेवा) केंद्रात किंवा स्वतः ॲग्रीस्टॅक या शेतकरी नोंदणीच्या पोर्टलवर तो काढता येतो. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल हाताशी हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. काढताना आपल्या नावावरचे सगळे गट त्यात जोडले आहेत ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. केंद्रावर गर्दी असली की एकच गट जोडून क्रमांक काढून दिला जातो आणि पुढे ज्या गटात ठिबक बसवायचं तोच यादीत दिसत नाही. नंतर खरेदी केलेली किंवा वारसाने आलेली जमीनही जोडल्याशिवाय दिसणार नाही.

दुसरी गोष्ट सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा ताजा सातबारा १५ रुपयांत ऑनलाईन निघतो. तो काढून पाच गोष्टी तपासा: नाव, गट क्रमांक पोटहिश्श्यासह, लागवडीखालचं क्षेत्र, पोटखराबा आणि विहीर किंवा बोअरची नोंद. सातबाऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब' आणि बँकेत आणखी तिसरंच, ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिच्यासाठी अर्ज मागे येतो तेव्हा कार्यालयात कुणाला आश्चर्यही वाटत नाही. शक्यतो आधार आणि बँक सातबाऱ्याप्रमाणे करून घ्या, ते लवकर होतं. सातबारा दुरुस्त करायचा तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि वेळ जातो.

जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद. ती ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाईन टाकता येते. फेरफार पडल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे सगळं गृहीत धरून दीड-दोन महिने आधी सुरुवात करा. सामाईक खातं असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर हे काम सगळ्यात आधी हाती घ्यावं, कारण बाकी कुठल्याही कागदापेक्षा याला जास्त वेळ लागतो.

तिसरी गोष्ट पाणी आणि वीज. पंपाला कायमस्वरूपी वीजजोडणी असावी लागते आणि तिचं बिल जोडावं लागतं. बिल आजोबांच्या नावावर आहे, पंप तुमचा आहे, असं असेल तर त्याबद्दल काय लागेल ते कृषी सहायकाला आधीच विचारा. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर ती करून घ्या.

चौथी गोष्ट बँक खातं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर अनुदान येतं हा समज चुकीचा आहे. पैसे आधार क्रमांकावरून येतात. म्हणजे एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारला जे खातं शेवटचं जोडलं गेलं, त्यात. मध्यंतरी कुठल्या ॲपवर किंवा पेमेंट बँकेत खातं उघडलं असेल आणि तिथे डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट त्या खात्यात यायला, होकार दिला असेल, तर पैसे गुपचूप तिकडे जातात. 'आधार लिंक आहे' हे बँकेचं उत्तर पुरेसं नाही. केवायसीसाठी आधार दिलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी ते खातं जोडलेलं असणं वेगळं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. कुठली बँक दिसते आणि नोंद चालू आहे का, ते तिथे कळतं. दुसरी बँक दिसली तर आपल्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या.

यातच एक कोपरा आहे. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या छोट्या खात्यात एका वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. शासकीय अनुदानाला शिल्लकीची मर्यादा लागत नाही असा नियम आहे, तरी अशा खात्यात मोठी रक्कम अडकू शकते. शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून खातं साधं बचत खातं करून घ्या.

पोर्टलवरचा अर्ज

फार्मर आयडीने लॉगिन करा. प्रोफाइल १०० टक्के पूर्ण असल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी जातीचा दाखला याच वेळी जोडावा, कारण त्यांच्यासाठीचे वेगळे लाभ त्यावरच ठरतात. मग 'सिंचन साधने व सुविधा' या शीर्षकाखाली ठिबक निवडा.

इथे तीन नोंदींकडे नीट लक्ष द्या. क्षेत्र हेक्टर आणि आर अशा दोन चौकटींत असतं. एक एकर म्हणजे ४० आर. हेक्टरच्या चौकटीत ० आणि आरच्या चौकटीत ४० लिहायचं. हेक्टरच्या चौकटीत ४० टाकलेले अर्ज दरवर्षी निघतात. दुसरी नोंद इनलाईन की ऑनलाईन, म्हणजे ड्रीपर (थेंब सोडणारी तोटी) नळीच्या आतच बसवलेला की नळीला बाहेरून टोचलेला. ऊस, कापूस, भाजीपाला, केळी यांना इनलाईन. डाळिंब, आंबा, संत्रा अशा लांब अंतराच्या फळबागांना ऑनलाईन ड्रीपर. तिसरी नोंद दोन नळ्यांमधलं अंतर. मापदंडाचा आकडा या अंतरावर ठरतो, त्यामुळे प्रत्यक्षात जे अंतर ठेवणार तेच लिहा.

एकापेक्षा जास्त घटक मागितले असतील तर प्राधान्यक्रम द्यावा लागतो. ठिबक हवं असेल तर त्याला १ द्या. शुल्क २३ रुपये ६० पैसे. पावती जपून ठेवा. सीएससीवाला याहून जे जास्त घेतो ते त्याच्या सेवेचे, शासनाचे नव्हेत.

पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' आहे. त्यामुळे 'नंतर बघू' याचा अर्थ आता रांगेत मागे जाणं असा होतो. निवड झाल्याचा एसएमएस आला की कागद चढवायला ठरावीक दिवस मिळतात आणि मुदत टळली की अर्ज आपोआप रद्द होतो. मोबाईल नंबर बदललेला असेल, किंवा नंबर केंद्रचालकाचा दिलेला असेल, तर एसएमएस कुणालाच दिसत नाही. आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून स्थिती बघणं हाच खात्रीचा उपाय.

आराखडा आणि पूर्वसंमती

ठिबकचा आराखडा नोंदणीकृत कंपनीच्या प्रतिनिधीने करून द्यायचा असतो. तो शेतात न येता दुकानात बसून काढला असेल तर पुढे पाणी बोंबलतं. एक सोपा हिशोब स्वतः करून बघा. एक एकराचा चौरस तुकडा साधारण ६३ बाय ६३ मीटर. नळ्या ४ फुटांवर, म्हणजे १.२ मीटरवर टाकल्या तर सुमारे ५३ ओळी, एकूण जवळपास ३,३४० मीटर नळी. ५ फुटांवर, म्हणजे १.५ मीटरवर, ४२ ओळी आणि २,६५० मीटरच्या आसपास. बिलात ३,३०० मीटर लिहून शेतात ५ फुटांवर टाकलेलं ठिबक टेप लावताच पकडलं जातं, कारण ओळी मोजायला पाच मिनिटं पुरतात.

आता पाण्याचा हिशोब. ४ फुटांवरच्या त्या नळीला दर ४० सेंटीमीटरवर ४ लिटर ताशीचा ड्रीपर असेल तर एकरात साधारण ८,३०० ड्रीपर होतात आणि सगळे एकदम चालवायला ताशी ३३,००० लिटर पाणी लागतं. तुमचा पंप ताशी १५,००० लिटर देत असेल तर त्या एकराचे किमान तीन भाग आणि तीन व्हॉल्व्ह हवेत. आराखड्यात एकच व्हॉल्व्ह दिसला तर सही करू नका. शेवटच्या ओळीला पाणी पोचलं नाही तर त्याची भरपाई कुठलंही अनुदान करत नाही.

कागद मंजूर झाले की पोर्टलवर पूर्वसंमती येते. ती हातात येईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. पूर्वसंमतीनंतर ३० दिवसांच्या आत खरेदी करून बिल चढवायचं असतं. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आदल्या दिवशीची असली तरी प्रकरण बाद, आणि त्यावर दाद मागायला जागा राहत नाही. लागवड तोंडावर आली म्हणून दुकानदार "माल आत्ता घेऊन जा, बिल नंतर फाडू" म्हणतो तेव्हा मोह होतो. माल आधी आणि बिल नंतर हा घोळ बॅच क्रमांकावरूनही उघडा पडू शकतो.

खरेदी: बिल आणि नळीवरची छपाई

दुकानदार तुमच्या जिल्ह्यासाठी नोंदणी असलेला हवा आणि कंपनी राज्याच्या यादीतली. पैसे रोखीने देऊ नका. चेक, आरटीजीएस, एनईएफटी किंवा यूपीआय, आणि तेही तुमच्याच खात्यातून. मुलाच्या फोनवरून केलेलं पेमेंट नंतर तुमचं म्हणून दाखवताना नाकी नऊ येतात.

जीएसटीकडे लक्ष असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार संचांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन पुढे करून १२ टक्के लावत असतील तर नवीन कोटेशन मागा.

माल उतरवून घेताना एक बंडल उलगडा आणि नळी उजेडात धरून वाचा. ठरावीक अंतराने त्यावर कंपनीचं नाव, आयएसआय चिन्ह, आयएस (भारतीय मानक) क्रमांक, सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक, १६ मिमीसारखा व्यास, क्लास, ड्रीपरचा प्रवाह आणि अंतर, आणि बॅच क्रमांक छापलेला दिसला पाहिजे. इनलाईन नळीचा आयएस क्रमांक १३४८८. साध्या लॅटरलचा, म्हणजे आत ड्रीपर नसलेल्या नळीचा, १२७८६. ऑनलाईन ड्रीपरचा १३४८७. जाळीच्या फिल्टरचा १२७८५. वाळूच्या फिल्टरचा १४६०६. पीव्हीसी पाईपचा ४९८५. हे आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. छपाई बोटाने चोळून पुसली गेली, किंवा बिलावरचा बॅच क्रमांक आणि नळीवरचा वेगळा निघाला, तर माल तिथेच परत करा. शेतात पसरल्यावर परत घेणारा दुकानदार विरळाच.

फिल्टरवर काटकसर करू नये, हे ठाम मत. विहिरीचं स्वच्छ पाणी असेल तर जाळीचा किंवा चकतीचा फिल्टर चालतो. शेततळं, कालवा, नदी यांच्या पाण्यात शेवाळ असतं, तिथे वाळूचा फिल्टर लागतोच. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर. फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज लावून घ्या. दोन्हीतला फरक ०.५ किलोच्या पुढे गेला की फिल्टर धुवायची वेळ झाली.

'अनुदान आल्यावर बाकीचे द्या' असा व्यवहार दुकानदार करत असेल तर कोरा चेक देऊ नका. रक्कम, तारीख आणि अनुदान न आल्यास काय, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

मोका तपासणी

बिल चढवल्यावर कृषी विभागाचा माणूस शेतात येतो. अक्षांश-रेखांश पडणारा फोटो काढतो, शेतकऱ्यासह, संचासह. तो येण्याआधी संच जोडून, पाणी सोडून, चालू करून ठेवा. मेन आणि सबमेन (मुख्य आणि उपमुख्य) पाईप गाडायच्या आधी चरात असतानाचे फोटो स्वतः काढून ठेवा. मातीखालचा पाईप किती इंची आणि किती मीटर, हा वाद त्या एका फोटोने मिटतो.

तपासणीत बघतात ते असं: गट तोच आहे का, ओळींमधलं अंतर, एकूण नळीची लांबी, छपाई, फिल्टर, व्हॉल्व्ह, खत सोडायची व्हेंचुरी किंवा टाकी बिलात असेल तर ती. गट चुकणं नवलाचं नाही. बांधाला बांध लागून तुमचेच दोन गट असतात, अर्ज एका गटाचा आणि ठिबक दुसऱ्यात. नकाशा उघडून आधी खात्री करा. तपासणी लांबली आणि तोवर पीक मोठं झालं, उसात तर विशेषतः, तर नळी दिसत नाही. म्हणून बिल चढवल्याच्या आठवड्यातच फोन करून वेळ ठरवा.

पैसे कधी येतात

मंजुरी तालुका आणि जिल्हा पातळीवरून जाते आणि निधी आला की वाटप होतं. हा काळ काही आठवड्यांचा असतो, कधी कित्येक महिन्यांचा. म्हणून संचाची पूर्ण रक्कम आपल्या खिशातून निभावेल एवढ्याच क्षेत्राचा अर्ज करावा. सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून पाच एकर करण्यापेक्षा दोन एकर करा. अनुदान उशिरा आलं तर व्याजच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतं.

पोर्टलवर 'रक्कम वितरित' दिसतं पण खात्यात नाही, असं झालं तर प्रथम सीडिंग स्टेटस बघा, मग त्या बँकेचं पासबुक भरून आणा. पैसे परत गेले असतील तर खातं नीट करून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अवजारं आणि ट्रॅक्टर

पूर्वसंमती आणि तारखांचा नियम इथेही तोच. ट्रॅक्टरला अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के किंवा १.२५ लाख, इतरांना ४० टक्के किंवा १ लाख, यांतलं जे कमी ते. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र अशा ट्रॅक्टरचलित अवजारांना ट्रॅक्टरचं आरसी बुक स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या माणसाच्या नावावर हवं. कोटेशनसोबत मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल जोडावा लागतो, आणि तो नेमक्या त्याच मॉडेलचा. दुकानदार बहुधा शेजारच्या मॉडेलचा अहवाल लावून देतो, तिथे अर्ज अडतो. एका अवजाराचा लाभ घेतला की त्याच अवजारासाठी १० वर्षं अर्ज नाही, दुसऱ्यासाठी मात्र करता येतो.

अर्ज परत आला तर

'त्रुटी' आणि 'रद्द' यात फरक आहे. त्रुटीत कागद पुन्हा चढवता येतो. रद्द झाला तर नव्याने अर्ज आणि रांगेत नवी जागा. शेरा मोघम असेल, नुसतं 'कागदपत्रे अस्पष्ट' असेल, तर नेमका कुठला कागद ते कृषी सहायकाला विचारा. फोटो काढून चढवलेले कागद बहुतेकदा खरंच वाचता येत नाहीत, म्हणून स्कॅन करून पीडीएफ करा. तिथे उत्तर मिळालं नाही तर मंडळ कृषी अधिकारी, मग तालुका कृषी अधिकारी, मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, या क्रमाने आणि दरवेळी लेखी. कारण दडवलं जातंय असं वाटलं तर १० रुपयांच्या शुल्कावर माहिती अधिकाराचा अर्ज टाकून आपल्या प्रकरणावरचे शेरे मागवता येतात.

बिल, पूर्वसंमतीपत्र, पेमेंटचा पुरावा आणि चरातले फोटो एका फायलीत ७ वर्षं ठेवा. फेरतपासणीत संच शेतात दिसला नाही तर वसुली निघू शकते. नळी उंदरांनी कुरतडली, वणव्यात जळली किंवा चोरीला गेली तर त्याच आठवड्यात पंचनामा करून किंवा पोलीस ठाण्यात तक्रार देऊन त्याची प्रत या फायलीत लावा.